सापडलेला जंतू आणि शोधायचा जंतू : जर्मनीतल्या २०११ च्या ई. कोलाय साथीचा अभ्यास

२६ मे २०११ रोजी हॅम्बुर्गच्या सरकारी प्रयोगशाळेने जाहीर केलं, की बाजारातल्या काकड्यांवर ईहेक, म्हणजे रक्ती जुलाब लावणाऱ्या ई. कोलाय, या गटातले जिवाणू सापडले आहेत आणि त्यांतल्या बहुतेक काकड्या स्पेनहून आलेल्या आहेत. शहरातली रुग्णालयं तेव्हा रक्ती जुलाबाच्या रुग्णांनी भरली होती. माणसं मरत होती आणि कशामुळे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा वेळी काकडीचं नाव आलं आणि सगळ्यांनी ते उचललं.

चाचणीत काहीही खोट नव्हती. त्या काकड्यांवर शिगा टॉक्सिन हे विष बनवणारे ई. कोलाय खरोखरच होते. पण ३१ मे रोजी स्पष्ट झालं, की रुग्णांच्या आतड्यांत असलेला जिवाणू हा नव्हेच. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून सडू लागला होता. २ जूनला रशियाने संपूर्ण युरोपीय संघातल्या ताज्या भाज्यांची आयात थांबवली आणि पुढे युरोपीय संघाला भाजीउत्पादकांना २० कोटींहून अधिक युरो भरपाई द्यावी लागली.

अन्नविषबाधेच्या जिवाणूंचा शोध म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला या साथीइतकं चांगलं प्रकरण मला माहीत नाही. अन्नात एखादा रोगकारक जिवाणू सापडणं ही तपासातली अर्धीच गोष्ट असते. तोच जिवाणू रुग्णात आहे का, आणि रुग्णाने ते अन्न खरंच खाल्लं होतं का, ही दोन उत्तरं मिळेपर्यंत अन्नावर सापडलेल्या जिवाणूवरून कुणावरही बोट ठेवता येत नाही. या साथीत ती उत्तरं मिळवण्यात प्रयोगशाळेइतकाच वाटा एका रेस्टॉरंटच्या आचाऱ्याचाही होता.

रुग्ण कोण होते

साथीची पहिली वर्दी १९ मे रोजी आली. एचयूएस या विकाराची तीन मुलं एकाच वेळी हॅम्बुर्गच्या रुग्णालयात दाखल झाली होती. शहराच्या आरोग्य विभागाने संसर्गजन्य रोगांवर नजर ठेवणाऱ्या बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेला कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेचं पथक हॅम्बुर्गमध्ये पोहोचलं.

एचयूएसमध्ये काय होतं ते आधी पाहू. शिगा टॉक्सिन आतड्यातून रक्तात शिरतं आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतं. मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांवर या विषाला धरून ठेवणारे रेणू जास्त असतात, म्हणून पहिला घाव तिथे बसतो. पेशीत शिरल्यावर हे विष रायबोसोमचा एक लहानसा भाग तोडतं, की त्या पेशीतली प्रथिननिर्मिती बंद पडते. अस्तर सोलवटतं, जागोजागी सूक्ष्म गुठळ्या होतात, त्यांत प्लेटलेट्स खर्ची पडतात आणि त्या अरुंद जागेतून वाहताना तांबड्या पेशी फाटतात. रक्तक्षय, प्लेटलेट्सची घट आणि मूत्रपिंड निकामी होणं ही तिन्ही लक्षणं एकदम दिसली, की डॉक्टर एचयूएसचं निदान करतात. काही रुग्णांना झटके येतात, बोलता येईनासं होतं, भ्रम होतो.

एरवी हा आजार लहान मुलांचा. कच्चं दूध, अर्धकच्चा खिमा, गोठ्यातल्या जनावरांशी आलेला संपर्क ही त्याची नेहमीची कारणं. हॅम्बुर्गला पोहोचलेल्या पथकाला मात्र वॉर्डांमध्ये प्रौढ रुग्ण दिसले, आणि त्यांतही बायका जास्त. पुढे सगळी गणती झाली तेव्हा एचयूएसच्या रुग्णांपैकी ८८ टक्के प्रौढ आणि ६८ टक्के स्त्रिया निघाल्या. एकही नमुना तपासण्याआधी नुसत्या या आकड्यांनीच बरंच काही सांगितलं होतं. दूध किंवा खिमा कारण असता तर मुलं आणि पुरुष जास्त आजारी पडले असते. प्रौढ बायका जास्त खातात असं काहीतरी याच्या मुळाशी असणार, आणि ते बहुधा कच्चंच खाल्लं जात असणार. संशय भाज्यांकडे वळला तो इथे, आणि त्या वळणात काही चूक नव्हती.

साथ संपल्यावरची अंतिम नोंद अशी आहे : ३,८४२ रुग्ण, त्यांपैकी ८५५ जणांना एचयूएस, आणि ५३ मृत्यू. म्हणजे दर पाच रुग्णांमागे एकापेक्षा जास्त जणांची मूत्रपिंडं धोक्यात आली. शिगा टॉक्सिनवाल्या नेहमीच्या ई. कोलायमुळे होणाऱ्या साथींत हे प्रमाण बरंच कमी असतं. जिवाणू नेहमीचा नाही याची ही दुसरी खूण होती.

वाढमाध्यमावर तो वेगळा दिसत नव्हता

ई. कोलाय जवळजवळ प्रत्येक निरोगी माणसाच्या आतड्यात असतोच. त्यामुळे रुग्णाच्या विष्ठेत ई. कोलाय सापडला, यातून काहीच कळत नाही. अब्जावधी निरुपद्रवी ई. कोलायमधून घातक तेवढा वेगळा काढणं हीच खरी अडचण.

त्यासाठी बऱ्याच प्रयोगशाळा एक सोपी युक्ती वापरत. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा शिगा टॉक्सिनवाल्यांमधला सर्वांत कुप्रसिद्ध प्रकार. बहुतेक ई. कोलाय सॉर्बिटॉल ही साखर चटकन आंबवतात, ओ१५७ ला ते जमत नाही. सॉर्बिटॉल घातलेल्या मॅकॉन्की या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर नमुना पसरून रात्रभर उबवला, की साध्या ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसतात आणि ओ१५७ च्या फिकट, रंगहीन. तंत्रज्ञ फिकट ठिपके शोधतो, ते उचलतो आणि पुढच्या चाचणीला लावतो.

या साथीतला जिवाणू सॉर्बिटॉल आंबवत होता. प्लेटवर तो गुलाबीच दिसायचा, शेजारच्या निरुपद्रवी भाऊबंदांसारखा. फक्त फिकट वसाहती पाहणाऱ्या प्रयोगशाळेने तो नमुना ‘काही सापडलं नाही’ म्हणून बाजूला ठेवला असता. इलाज एकच होता : जिवाणू दिसतो कसा हे सोडून तो करतो काय हे पाहायचं. विष्ठेच्या नमुन्यात शिगा टॉक्सिन आहे का हे प्रतिपिंडांच्या चाचणीने पाहता येतं, आणि ते विष बनवणारं जनुक आहे का हे पीसीआरने.

मग एक अनपेक्षित मदत मिळाली. या जिवाणूकडे एक प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं वर्तुळ होतं, आणि त्यावर पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन वर्गातल्या बहुतेक प्रतिजैविकांना निकामी करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक होतं. उपचाराच्या दृष्टीने ही वाईट बातमी, पण शोधणाऱ्याच्या फायद्याची. ही प्रतिजैविकं मिसळलेल्या माध्यमावर आतड्यातले बाकीचे बहुतेक ई. कोलाय मरतात आणि हा तेवढा वाढतो. विशिष्ट औषधरोधक जिवाणू ओळखायला रुग्णालयांत जी माध्यमं आधीपासून असतात, तीच इथे उपयोगी पडली. जिवाणूचं बळ हीच त्याला पकडायची खूण ठरली, आणि मला या तपासातली ही फार सुंदर गोष्ट वाटते.

म्युन्स्टर विद्यापीठात हेल्गे कार्श यांच्याकडे एचयूएसच्या रुग्णांतून वर्षानुवर्षं जमवलेल्या ई. कोलायचा संग्रह होता. २५ मे रोजी त्यांच्या गटाने या जिवाणूचा प्रकार ओळखला : ओ१०४:एच४. यातला ‘ओ’ जिवाणूच्या बाह्य आवरणावरच्या शर्करा-साखळ्यांचा प्रकार सांगतो, ‘एच’ त्याच्या पोहण्याच्या शेपटीतल्या प्रथिनाचा. या जातीचा जवळचा नमुना त्यांच्या संग्रहात २००१ पासून होता, पण तिने एवढी मोठी साथ कधी घडवली नव्हती. काही दिवसांतच याच गटाने एकाच वेळी चार जनुकं तपासणारी पीसीआर चाचणी तयार केली : विषाचं जनुक, ओ१०४ चं, एच४ चं, आणि टेल्युराइट नावाच्या विषारी क्षाराला दाद न देण्याचं जनुक. चारही एकत्र आढळली तर हा तोच जिवाणू. काकडीवरच्या जिवाणूला लावायला हवी होती ती कसोटी हीच. ईहेक म्हणजे जिवाणूंचा एक आख्खा गट आहे, आणि साथ त्या गटातल्या एका विशिष्ट वंशाची असते.

दोन जातींचा संकर

शेनझेनच्या बीजीआय संस्थेने हॅम्बुर्गच्या एपेनडॉर्फ विद्यापीठ रुग्णालयाच्या सोबतीने या जिवाणूचा जनुकक्रम वाचला आणि २ जूनला तो जगासाठी खुला केला. त्यानंतर काही तासांतच वेगवेगळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी तो जुळवायला घेतला आणि आपली निरीक्षणं एकमेकांना उघडपणे कळवली. चालू साथीतल्या जिवाणूचा जनुकक्रम इतक्या लवकर आणि इतक्या मोकळेपणाने अभ्यासला जाण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक.

त्यातून जे दिसलं त्याने एचयूएसच्या जास्त प्रमाणाचं कोडं बरंच उलगडलं. मुळात हा नेहमीचा ईहेक नव्हताच. आतड्याच्या अस्तरावर रचलेल्या विटांसारखे थर लावून चिकटणाऱ्या ई. कोलायचा एक वेगळा गट आहे. हे जिवाणू प्रामुख्याने माणसाच्या आतड्यात राहतात आणि चिवट, रेंगाळणारे जुलाब लावतात. त्यांतल्याच एका वंशात एका बॅक्टेरिओफाजने, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूने, शिगा टॉक्सिनचं जनुक आणून बसवलं होतं. अस्तराला घट्ट चिकटण्याची ताकद एका जातीची आणि विष दुसऱ्या जातीचं. चिकटून बसलेला जिवाणू बराच काळ विष सोडत राहतो आणि ते जास्त प्रमाणात रक्तात जातं, हे त्याचं सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे.

याच ज्ञानातून उपचाराचा एक पेच उभा राहिला. विषाचं जनुक फाजच्या डीएनएत असतं. काही प्रतिजैविकं जिवाणूच्या डीएनएला इजा करतात, तेव्हा सुप्त फाज जागा होतो आणि विषाचं उत्पादन वाढतं. म्हणून अशा रक्ती जुलाबात डॉक्टर प्रतिजैविकं द्यायला कचरतात. या साथीत अझिथ्रोमायसिन घेतलेल्या रुग्णांच्या विष्ठेतून जिवाणू लवकर नाहीसे झाल्याचं दिसलं. पण त्यावरून सगळ्या प्रतिजैविकांबद्दल किंवा सगळ्या शिगा टॉक्सिनवाल्या जिवाणूंबद्दल निष्कर्ष काढणं धोक्याचं ठरेल.

काय खाल्लं होतं?

जिवाणू कोण हे कळलं, तरी तो पोटात कशातून गेला हे कळायचं होतं. सगळ्यांत कठीण भाग हाच होता.

अन्न खाल्ल्यापासून जुलाब सुरू होईपर्यंत या साथीत साधारण आठ दिवस जात होते. जुलाबांपासून एचयूएसपर्यंत आणखी पाच. म्हणजे डायलिसिसवरच्या रुग्णाला प्रश्न विचारायचा तो दोन आठवड्यांपूर्वीच्या जेवणाचा. तोवर ते अन्न घरातून, दुकानातून आणि गोदामातूनही संपलेलं असतं, त्यामुळे तपासायला नमुनाच उरत नाही. आजार सुरू होणाऱ्यांची संख्या २१-२२ मेच्या सुमारास शिखरावर पोहोचली. त्यातून आठ दिवस मागे जा, म्हणजे लक्षात येईल की रॉबर्ट कॉख संस्थेला पहिली वर्दी मिळाली तेव्हा बहुतेक रुग्णांनी ते दूषित अन्न खाऊनही झालं होतं.

पथकाने नेहमीचा मार्ग धरला. आधी काही रुग्णांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, त्यांतून वारंवार आलेले पदार्थ निवडले. मग रुग्णांची आणि त्याच भागातल्या, त्याच वयाच्या निरोगी माणसांची तुलना केली : कोणी काय खाल्लं? कच्चे टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पानं हे तीन पदार्थ रुग्णांनी लक्षणीयरीत्या जास्त खाल्ले होते. २५ मे रोजी उत्तर जर्मनीतले हे तीन पदार्थ कच्चे खाऊ नका असं आवाहन निघालं. दुसऱ्या दिवशी हॅम्बुर्गच्या काकडीची बातमी आली. एकीकडे मुलाखती काकडीकडे बोट दाखवत होत्या, दुसरीकडे काकडीवर जिवाणू सापडला होता. दोन स्वतंत्र पुरावे एकाच वस्तूवर येऊन मिळालेले दिसले, तेव्हा तिच्यावर विश्वास बसणं अगदी स्वाभाविक होतं. म्हणून त्या निष्कर्षाला उतावळेपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पुरावे दोन होते हे खरं, पण त्यांना जोडणारा दुवा, म्हणजे जिवाणूचा वंश, अजून तपासलेला नव्हता.

सुरुवातीच्या त्या मुलाखतींमध्ये मोड आलेल्या बियांचा उल्लेख फार थोड्यांनी केला होता. इतक्या थोड्यांनी, की पुढच्या तुलनेत हा पदार्थ घेतलाच गेला नाही. नंतरच्या एका पाहणीत रुग्णांना मोडांबद्दल थेट विचारलं, तेव्हाही जेमतेम चौथ्या हिश्श्याने ‘हो’ म्हटलं. रुग्ण खोटं बोलत नव्हते. सॅलडच्या ताटलीत टोमॅटो, काकडी, पानं मागवून घेतलेली असतात आणि वर भुरभुरलेले मोड कुणी मागवलेले नसतात. ते शोभेला येतात, आपण खाऊन टाकतो, आणि दोन आठवड्यांनी सांगतो, ‘सॅलड खाल्लं होतं.’ मोड नेहमी टोमॅटो-काकडीच्या सोबतीनेच पोटात जात होते, म्हणून आकडेवारीत दोष टोमॅटो-काकडीच्या माथी आला.

फ्रँकफुर्टमधल्या एका कंपनीच्या कँटीनमध्येही बरेच जण आजारी पडले होते. तिथे माणसाच्या आठवणीऐवजी कँटीनच्या बिलांची नोंद हाताशी होती, आणि त्या नोंदीतून सॅलड काउंटरवर जेवलेल्यांमध्ये आजाराचं प्रमाण किती तरी जास्त असल्याचं दिसलं. काउंटर कळला, पदार्थ मात्र अजून कळत नव्हता.

मग ल्युबेक शहरातल्या एका रेस्टॉरंटकडे लक्ष गेलं. मे महिन्याच्या मध्याला तिथे गटागटाने जेवून गेलेल्या लोकांमध्ये रुग्ण निघाले होते. संशोधकांनी अशा दहा गटांतल्या १५२ जणांची माहिती घेतली. त्यांतले ३१ जण आजारी होते. पण या वेळी प्रश्न बदलला. तुम्ही काय काय घटक खाल्ले असं जेवणाऱ्यांना विचारलंच नाही. कोणता पदार्थ मागवला होता एवढंच विचारलं, आणि त्याची खातरजमा मागणीच्या याद्या, बिलं आणि जेवताना काढलेले फोटो यांवरून केली. मग आचाऱ्याला गाठलं. प्रत्येक पदार्थात नेमकं काय पडतं, किती पडतं, कोणत्या ताटलीवर सजावटीला काय ठेवतात, हे त्याच्याकडून पदार्थागणिक लिहून घेतलं.

माणसाला मोड खाल्ल्याचं आठवत नव्हतं, पण मागवलेला पदार्थ आठवत होता. त्या पदार्थात मोड घातले होते हे आचाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. या दोन गोष्टी जोडल्या आणि चित्र एकदम स्वच्छ झालं. ज्यांच्या ताटात मोड आले होते त्यांना आजार होण्याची शक्यता इतरांच्या १४.२ पट निघाली. त्याहून बोलका आकडा म्हणजे, आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या ताटात मोड होते. टोमॅटो, काकडी आणि पानांचा संबंध या हिशेबात टिकला नाही.

कचऱ्याच्या डब्यापासून बियांच्या पोत्यापर्यंत

आकडेवारीचा हा अभ्यास चालू असतानाच दुसरं एक पथक उलट दिशेने येत होतं. ३ जूनला नेमलेल्या विशेष कार्यगटाने रुग्णांचे वेगवेगळे पुंजके घेतले आणि प्रत्येक ठिकाणी मोड कुठून आले याच्या पावत्या मागे मागे नेल्या. एक रेस्टॉरंट, त्याचा घाऊक विक्रेता, त्याचा पुरवठादार. शेवटी असे ४१ पुंजके तपासले गेले आणि ते सगळे लोअर सॅक्सनीतल्या बिननब्युटेलजवळच्या एकाच मोड-उत्पादकापाशी येऊन पोहोचले. ५ जूनला त्या राज्याच्या कृषिमंत्र्यांनी हे जाहीर केलं. १० जूनला केंद्रीय संस्थांनी टोमॅटो, काकडी आणि पानांवरचा इशारा मागे घेतला आणि मोड खाऊ नका असं सांगितलं. त्याच सुमारास ऱ्हाइन-झीग भागातल्या एका आजारी कुटुंबाच्या कचऱ्याच्या डब्यात मोडांचं फोडलेलं पाकीट मिळालं आणि त्यावर ओ१०४:एच४ सापडला. पाकीट फोडलेलं होतं, म्हणजे जिवाणू मोडांतून घरच्यांकडे गेला की घरच्यांच्या हातांतून पाकिटावर आला, हे त्या एका नमुन्यावरून ठरवता येत नव्हतं.

हाच प्रश्न उत्पादकाच्या बाबतीतही होता. तिथल्या पाच कामगारांना लागण झाली होती. हा जिवाणू माणसाच्या आतड्यात राहणारा. मग कामगारांनी मोड दूषित केले, की बियाच दूषित आल्या? जर्मनीतल्या पुराव्यांवरून याचं उत्तर मिळण्यासारखं नव्हतं.

ते मिळालं फ्रान्समधून. बोर्दोजवळच्या बेग्ल इथे ८ जूनला एका बालकेंद्राच्या कार्यक्रमात काही लोक जेवले आणि पुढे त्यांना रक्ती जुलाब झाले. जिवाणू तोच, ओ१०४:एच४. त्यांच्या जेवणातही मोड होते, पण ते बागकामाच्या दुकानातून आणलेल्या बियांच्या छोट्या पाकिटांपासून तिथेच उगवलेले. बिननब्युटेलच्या उत्पादकाशी किंवा त्याच्या कामगारांशी या जागेचा काडीचाही संबंध नव्हता. मग दोन्हीकडे समान काय? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दोन्हीकडच्या पावत्या जुळवल्या आणि ५ जुलैला अहवाल दिला : इजिप्तहून २००९ च्या अखेरीस निघालेली मेथीदाण्याची १५,००० किलोची एक खेप. तिच्यातले ७५ किलो दाणे व्यापाऱ्यांच्या हातांतून बिननब्युटेलला पोहोचले होते. तिच्यातलाच दुसरा वाटा इंग्लंडला जाऊन ५०-५० ग्रॅमच्या पाकिटांत भरला गेला आणि तिथून फ्रान्समध्ये विकला गेला. युरोपीय संघाने ती खेप बाजारातून मागे घ्यायला लावली आणि इजिप्तहून येणाऱ्या अशा बियांच्या आयातीवर काही महिने बंदी घातली. जर्मनीत साथ संपल्याची घोषणा २६ जुलैला झाली.

मेथीदाण्यात मात्र तो जिवाणू कधीच सापडला नाही. उरलेल्या खेपेतले नमुने पुन्हा पुन्हा तपासले गेले, हाती काहीच लागलं नाही. इजिप्तने या निष्कर्षाला हरकत घेतली ती याच मुद्द्यावर, आणि हरकत वरवर पाहता रास्त वाटते. इथे काकडीचं उदाहरण उलट बाजूने पाहायला हवं. काकडीवर जिवाणू सापडला तरी ती दोषी नव्हती. दाण्यांत जिवाणू सापडला नाही, तरी पुराव्यांची साखळी त्यांच्याकडेच जाते : वंश तोच, मोड तेच, दोन देश, दोन निरनिराळी स्वयंपाकघरं, आणि मागे एकच खेप.

दाण्यात का सापडत नाही

कोरड्या बियांत जिवाणू असलेच तर फार थोडे असतात, आणि तेही सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. हजारो किलोंच्या ढिगात दूषित दाणे एखाद्याच कोपऱ्यात असू शकतात. त्यातून २५ ग्रॅम उचलले तर ते नेमके तेच दाणे असण्याची शक्यता नगण्य. शिवाय वर्ष-दोन वर्षं कोरड्या अवस्थेत राहिलेले जिवाणू अर्धमेले झालेले असतात. ते जिवंत असतात, पण निवडक माध्यमावर लगेच वाढत नाहीत.

मोड आणताना हीच परिस्थिती पूर्ण पालटते. दाणे पाण्यात भिजतात, उबेत आणि दमट हवेत दोन-चार दिवस राहतात, फुटणाऱ्या दाण्यातून शर्करा आणि अमिनो आम्लं बाहेर झिरपतात. मोडाला जे लागतं ते सगळं जिवाणूलाही लागतं. तुरळक जिवाणू या काळात हजारो पटींनी, कधी त्याहूनही जास्त वाढतात आणि भिजवण्या-धुण्याच्या पाण्याबरोबर सगळ्या ढिगात पसरतात. दाणे वरून धुऊन भागत नाही, कारण सालीच्या भेगांत बसलेल्या जिवाणूपर्यंत पाणी किंवा जंतुनाशक नीट पोहोचत नाही. आणि मोड कच्चे खाल्ले, तर जिवाणू मारण्याची शेवटची संधीही हातची जाते. जपानच्या साकाई शहरात १९९६ साली हजारो शाळकरी मुलं ओ१५७ ने आजारी पडली होती, तेव्हाही संशय मुळ्याच्या मोडांवरच गेला होता. म्हणजे २०११ साली ही वाट अनोळखी नव्हती. तरी पहिल्या प्रश्नावलीत ती बाजूला पडली.

पुढे जर्मनीने रुग्णांची माहिती स्थानिक आरोग्य कार्यालयाकडून केंद्रीय संस्थेपर्यंत जाण्याची मुदत कायद्याने कमी केली, कारण २०११ मध्ये त्या प्रवासातच मोलाचे दिवस गेले होते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये मोडांसाठी स्वतंत्र नियम आणले. मोड-उत्पादकाला परवाना हवा, बियांच्या प्रत्येक खेपेची नोंद मागे-पुढे दोन्ही बाजूंनी हवी, आणि विक्रीच्या मोडांच्या २५ ग्रॅम नमुन्यात ओ१५७, ओ२६, ओ१०३, ओ१११, ओ१४५ आणि आता ओ१०४:एच४ हे शिगा टॉक्सिनवाले प्रकार आढळता कामा नयेत.

त्या नियमांतलं नमुना घेण्याचं कलम मला सर्वांत विचारपूर्वक केलेलं वाटतं. खेपेतले थोडे दाणे घेऊन आधी त्यांना मोड आणायचे आणि मग ते तपासायचे, नुसते कोरडे दाणे तपासून थांबायचं नाही. उत्पादन चालू असतानाचा नमुनाही मोड येऊ लागल्यापासून ४८ तासांच्या आत घ्यायचा नाही. ढिगातून मूठभर मोड उचलण्याऐवजी त्यांच्यावरून वाहून गेलेलं पाणी, २०० मिलिलिटरचे पाच नमुने, तपासायलाही मुभा आहे. ते पाणी ढिगातल्या सगळ्या दाण्यांवरून गेलेलं असतं, त्यामुळे एखाद्याच कोपऱ्यातला जिवाणूही त्यात उतरण्याची शक्यता असते, आणि ४८ तासांत तो चाचणीला सापडण्याइतका वाढलेला असतो.